रेणूच्या गोधड्या

चूक माझी होती, एवढं आधीच लिहून टाकतो. नाहीतर मी पुन्हा आडवाटेने जाईन आणि मुद्द्यापाशी पोचणारच नाही — इतकी वर्षं मी तेच तर केलं. हे मी कुणाजवळ बोललेलो नाही. भावाजवळ नाही, बायकोजवळ नाही. ज्या एका बाईला सांगायलाच हवं होतं, तिलाही फार उशिरा सांगितलं. आता तुम्हाला का सांगतो आहे? ते मला नीट सांगता येणार नाही.

एकाहत्तर सालची गोष्ट. पूर्व बंगालात यादवी पेटली होती आणि तिथून माणसांचे लोंढे आपल्या हद्दीत येत होते. रेडिओवर रोज तेच — छावण्या, चिखल, पटकी. कुठल्या कुठल्या देशांची विमानं औषधं, दूधपावडर, ब्लँकेटं घेऊन उतरत होती. नाशिक रोडला आमच्या कॉलनीतही मदत गोळा करायचं ठरलं. मी नुकता नोकरीला लागलेला, तरुण मंडळाचा सेक्रेटरी, बोलण्यात सगळ्यांच्या पुढे. दारोदार जायचं आणि म्हणायचं, "तिथल्या आयांकडे लेकरांवर घालायला फडकं नाही हो." हे वाक्य मला चांगलं जमायचं. बायका डोळ्यांना पदर लावायच्या आणि मला — खरं सांगतो — बरं वाटायचं.

शेजारी शेवंतामावशी राहायच्या. नात्याच्या नव्हेत, भिंतीला भिंत म्हणून मावशी. यजमान एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात पाळीवर. मावशी मूळच्या सिन्नरकडच्या, तोंडाने फटकळ, मनाने मऊ. त्यांची एकुलती मुलगी सुमन गावी उलट्या-जुलाबांनी एका दिवसात गेली होती, चार वर्षांची असताना. नंतर मूल झालं नाही. सुमनची झबली, परकर, सगळं आपल्या जुन्या लुगड्यांच्या थरांत घालून त्यांनी एक गोधडी शिवली होती. आमच्याकडे गोधडी अशीच होते — घरच्या माणसांची अंगावरची कापडं आत जातात आणि वरून बारीक धावदोरा. त्या गोधडीला त्या कुणाला हात लावू देत नसत.

ती त्यांनी मला दिली.

"रेडिओवाला म्हनतो, तिथली पोरं जुलाबानंच चाललीत," त्या म्हणाल्या. "माझ्या सुमीसारखी. एखाद्या पोरीच्या अंगावर पडू दे. पोरीच्याच, हां! आन् तू सेक्रेटरी हाय ना रे? मग नुसता मिरवू नको, नीट पोचती कर."

वापरलेलं अंथरूण-पांघरूण घेऊ नका, त्यातून रोगराई पसरते, अशी सरकारी सूचना आम्हाला आधीच आली होती. मला ती ठाऊक होती. नाही म्हणायला एक वाक्य पुरलं असतं. पण दाराशी अर्धी कॉलनी जमली होती, आणि एक आई गेलेल्या मुलीची गोधडी माझ्या हातात ठेवत होती — तो मोठेपणा मला सोडवला नाही. मी ती कपाळाला लावून घेतली. कपाळाला!

मालधक्क्यावर सामान भरायचा दिवस आला. शहरातल्या डॉक्टरांनी सलाइनच्या बाटल्या जमवल्या होत्या, काचेच्या. खोक्यांत घालायला आणलेला पेंढा पावसात भिजून कुजला होता. कुणीतरी म्हणालं, जमलेल्या गोधड्या तशाही जाणार नाहीत, फाडा आणि बाटल्यांना गुंडाळा. सुमनची गोधडी मी फाडली. टाका इतका घट्ट होता की दातांनी सुरुवात करावी लागली. आतून एक पिवळं झबलं निघालं. तेही एका बाटलीभोवती गेलं.

यात पाप होतं का? मला अजूनही तसं वाटत नाही. त्या बाटल्या पटकीने आजारी पडलेल्या पोरांसाठीच होत्या. घरी येऊन मावशींना एवढंच सांगितलं असतं — की मावशी, तुमची गोधडी अशी अशी कामाला आली — तर त्या रडल्या असत्या, मला चार शिव्या दिल्या असत्या, आणि संपलं असतं. मग का नाही सांगितलं? त्यांच्या डोळ्यांत मी छोटा झालो असतो म्हणून. दुसरं कारण शोधून पाहिलं. नाही सापडत.

काही आठवड्यांनी त्यांनी ओट्यावर मला अडवलं. पोचली का? मी म्हणालो, पोचली. कुणाला मिळाली? एका मुलीला. केवढी आहे? असेल चार-पाच वर्षांची. आणि नाव काय रे तिचं? तिथे तरी थांबायचं की नाही मी? मी म्हणालो, रेणू.

मावशींनी ते नाव दोनदा म्हणून पाहिलं. मग आत जाऊन माझ्यासाठी गूळ-शेंगदाणे घेऊन आल्या. मी ते खाल्ले.

तेव्हापासून रेणू वाढू लागली. लढाई संपली, नवा देश झाला, निर्वासित परतले — मावशींनी विचारलं, रेणू घरी गेली का? मी म्हणालो, गेली, आईबापांबरोबर. तुला कसं कळलं? मग मला तिकडे ये-जा करणारा एक डॉक्टर मित्र रचावा लागला. खोटं बोलायची सुरुवात तेवढी अवघड असते. पुढे ते आपोआप चालतं. मी लग्न करून नाशकातच द्वारकेकडे राहायला गेलो, तरी दर दिवाळीला मावशींना भेटायला जायचो. एकदा त्यांनी नवी गोधडी समोर ठेवली. "पोरगी उंच झाली असंल. जुन्यातून पाय भाईर येत असतील तिचे. तुझ्या त्या डाक्टराकडं दे."

ती मी घेतली. काय केलं तिचं? सांगतो. माझ्या मुलीच्या अंगावर घातली. बायकोला म्हणालो, मावशींनी पाठवली. तिने टाक्यांवरून हात फिरवला. "किती जीव लावून शिवलीय हो आपल्या पोरीसाठी! एकदा जाऊन पाया पडून येते." त्यानंतर मी त्या दोघींची गाठ पडू दिली नाही. काही ना काही निमित्त काढत राहिलो. माझ्या मुलीने मावशी कधी पाहिल्याच नाहीत, आणि लेकरांसाठी झुरणारी ती बाई आमच्यापासून दोन-चार मैलांवर एकटी बसलेली असायची. हे मी केलं.

बांगलादेशात पुन्हा रक्तपात झाल्याची बातमी आली, तेव्हा मावशी माझ्या कचेरीच्या फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. पदर घामाने भिजलेला, पायांत चपला दोन वेगवेगळ्या. "आपली पोरगी सुखरूप हाय ना रे?" मी म्हणालो, हो मावशी, कालच कळलं. त्या तिथेच फाटकाला टेकून खाली बसल्या. मी चहा मागवला.

पुढे त्यांचे यजमान गेले. त्यानंतर काही वर्षांनी एका रविवारी भेटायला गेलो, तर ट्रंक उघडून बसलेल्या. मांडीवर त्यांचा लग्नातला शालू. म्हणाल्या, रेणूचं लग्नाचं वय झालं, तिच्या संसाराला गोधडी द्यायची, वरचा पदर या शालूचा. "म्या आता काय नेसून मिरवू? मेल्यावं सरनात घालशील व्हय?" आणि हसल्या.

तेव्हाच बोलायला हवं होतं. ओठांवर आलं होतं. मी म्हणालो, छान होईल मावशी. आणि निघालो.

पुढच्या रविवारी मात्र ठरवून गेलो. शालू कापून झाला होता. तुकडे जमिनीवर अंथरलेले, मावशी चष्मा लावून टाका घालत होत्या. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं — सूचना, मालधक्का, पेंढा, पिवळं झबलं, डॉक्टर, माझी मुलगी. त्यांचा हात मध्येच थांबला, पण सुई सुटली नाही.

"मंग रेणू?"

"रेणू कुणीच नव्हती, मावशी."

त्यांनी जमिनीवरचे शालूचे तुकडे एकेक करून गोळा केले. मग अगदी हळू विचारलं, "आन् त्या बाटल्या? पोचल्या का धड?"

मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत मी ते कुणालाच विचारलं नव्हतं. तसं सांगितलं.

"तेवढं तरी इचारायचं रे," त्या म्हणाल्या. "तिथं पोरं व्हती. खरी."

घरून निघताना पुष्कळ जुळवून आणलं होतं, त्यातलं काही आठवेना. शेवटी एवढंच म्हणालो, "मावशी, सुमीची गोधडी मी फाडली. रेणू मी रचली. माझं चुकलं."