भाऊंची पांढरी टोपी

धुळ्यातील त्या मेकॅनिकचे नाव विचारण्याचे धाडस मला अजून झालेले नाही. मी त्यांना नुसते भाऊ म्हणतो. हात सदैव ग्रीसने माखलेले, टोपी मात्र पांढरीशुभ्र. तिला स्पर्श करण्यापूर्वी ते साबणाने दोनदा हात धुतात.

थंडीत आमच्या जुन्या जीपमध्ये आईचे गुडघे आखडत, म्हणून जळगावच्या दवाखान्यात यायला ती यंदा नकार देत होती. मी संकोचत हे सांगितले. "करू, करू," भाऊ म्हणाले. त्यांनी सायलेन्सरच्या नळीभोवती पत्र्याचे वेष्टन बसवले आणि त्यात तापणारी स्वच्छ हवा दुसऱ्या नळीने जीपच्या आत आणली.

आईला बसवण्याआधी त्यांनी इंजिन चालू केले, हात धुतले आणि आपली टोपी आतल्या त्या दुसऱ्या नळीच्या तोंडावर धरली. धूर झिरपत असता, तर ती काळवंडली असती. बऱ्याच वेळाने त्यांनी ती उलटसुलट पाहिली; एकही डाग नव्हता.

"बसा आक्का, धूर नही शे."

आई शाल सावरत बसली. "पहिले टोपी घाल भाऊ, थंडी शे."

त्यांनी टोपी चढवली आणि ते एकदम हसले. "आक्का, टोपी बी गरम व्हई गयी!"

थोड्या वेळाने आईने शाल काढून माझ्या हाती दिली आणि ती म्हणाली, "सोमवारी निघू."