माउलीनं परत केलेली गाडी

माउली ढेबे विंझरच्या वर, डोंगरातल्या वस्तीवर वाढला. वडील हैबती जन्मभर गुरांमागं फिरले. सकाळी दूध घेऊन खाली उतरायचे आणि पेंडीचं पोतं घेऊन वर चढायचे. माउलीचा जीव मात्र गाड्यांत. आधी दुसऱ्याच्या टेम्पोवर क्लीनर झाला, मग ड्रायव्हर, आणि पुढं पुण्यातल्या एका कंपनीकडून त्यानं तीन वर्षांच्या करारावर गाडी घेतली. पांढरी, नवीकोरी. कंपनीला भाडं भरायचं, वर सुटेल ते आपलं. राजगडावर जाणारी पोरं स्वारगेटहून गुंजवण्याला आणायची, मधूनच एखादं लग्न, एखादा दवाखाना. गाडी कंपनीची असली तरी गावात तिला सगळे ‘माउलीची गाडी’च म्हणायचे आणि ते ऐकून त्याची छाती फुगायची.

करार करताना ऑफिसातल्या नूतन मॅडमनी एकेक अट समजावून सांगितली होती. सर्व्हिसिंग वेळेवर करायचं, चाकांची अलाइनमेंट बघायची, पुढचे टायर मागं, मागचे पुढं करत राहायचं. गाडी परत देताना टायरवर पुरेशी नक्षी, म्हणजे रबरातल्या खाचा, शिल्लक हवी. नसली तर नव्या टायरांचा खर्च डिपॉझिटमधून कापणार. माउली प्रत्येक अटीला “व्हय, व्हय” म्हणत गेला.

पहिलं वर्ष त्यानं सगळं पाळलं. पुढं देखभालीला म्हणून बाजूला ठेवलेल्या पैशात भारी सीटकव्हर आली, मोठे स्पीकर आले. अलाइनमेंटला गेलं की धंदा बुडतो, म्हणून ते मागं पडत गेलं. मुदत संपत आली तेव्हा चारही टायर गुळगुळीत झाले होते. डिकीतली स्टेपनी तेवढी कोरी होती.

नवे टायर घ्यायचे तर डिपॉझिट गेल्यातच जमा. तेवढ्यात एका ड्रायव्हरनं हायवेवरची एक टपरी सांगितली. तिथला माणूस तापलेल्या पात्यानं झिजलेल्या टायरवर नवी नक्षी कापून द्यायचा. माउली शेजारी उभा राहून बघत होता. रबराच्या काळ्या सळ्या गळून पडत होत्या, वासानं डोकं धरलं होतं.

“गाडी परत द्यायचीय ना?” त्या माणसानं विचारलं. “मग चालंल. चालवायची आसंल तर न्हाई कापून देत म्या. आतलं कापड उघडं पडायला आलंय.”

“परतच द्यायचीय,” माउली म्हणाला.

कंपनीच्या तपासनिसाला त्या दिवशी बऱ्याच गाड्या उरकायच्या होत्या. त्यानं खाचांमध्ये मोजपट्टी घातली, मान हलवली आणि पुढं गेला. नूतन मॅडम म्हणाल्या, “सगळ्यांनी अशी गाडी ठेवली असती तर किती बरं झालं असतं!” डिपॉझिट पुरं मिळालं. पुढच्या गाडीसाठी त्याचं नावही लागलं. बाहेर पडताना माउलीला मान वर करवेना, पण एसटीत बसेपर्यंत त्यानं स्वतःची समजूत घातली होती. कंपनी मोठी आहे, टायर बदलतीलच.

टायर कुणी बदलले नाहीत.

पंधरवड्यानं विंझरच्या चौकात तीच गाडी येऊन थांबली. स्टिअरिंगवर वर्षाराणी होती, गावातलीच सून, नुकतंच लायसन मिळालेली. माउलीला बघून ती हसत खाली उतरली.

“भावजी, वळकली का गाडी? मॅडम म्हणल्या, हिचा आधीचा मानूस लई नीट. मी म्हनलं, मग मला हीच द्या. उद्या सासूबाईंना घिऊन हिर्डोशीला जायचंय. नंदंला दिवस गेलेत, तिला माहेरी आनायची.”

माउलीची नजर पुढच्या चाकावर गेली. कापलेल्या खाचांच्या कडा आताच झिजल्या होत्या. सांगायला तोंड उघडलं, पण चहाच्या टपरीवर चारपाच जण ऐकत उभे होते. त्यातला एक म्हणाला, “माउलीची गाडी म्हंजे काळजीच न्हाई.”

“सावकाश जावा, वैनी,” एवढंच तो बोलला.

घरी त्यानं भाकरी तशीच ठेवून दिली. आई कमळाबाईंनी कपाळाला हात लावून बघितला, ताप नव्हता. सकाळी उठल्या उठल्या त्यानं शेजाऱ्याची मोटारसायकल घेतली आणि वर्षाराणीचं घर गाठलं. दाराला कुलूप होतं. तिचा मोबाईल लागेना. त्यानं मोटारसायकल नसरापूरकडं दामटली, कापूरहोळवरून भोर मागं टाकलं आणि धरणाच्या कडेकडेनं जाणाऱ्या रस्त्याला लागला. प्रत्येक वळणावर त्याची नजर आधी खालच्या पाण्याकडं जायची.

गाडी दिसली ती डोंगराच्या बाजूला. पुढचा टायर फुटला होता, चाक गटारात गेलं होतं. रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला सगळा उतार होता. ठकुबाई, वर्षाराणीची सासू, दगडावर बसली होती. कपाळाला टेंगूळ आलं होतं, त्यावर तिनं ओला पदर धरला होता. वर्षाराणी माउलीला बघताच रडायला लागली.

“भावजी, माझंच चुकलं. म्या ब्रेक जोरात दाबला आसंल. तीन वर्सं तुमी एवढी जपली आन म्या पंधरा दिसांत...”

ती त्याची माफी मागत होती. माउलीला वाटलं, आपण इथंच विरघळून जावं.

“तुमचं कायबी चुकल्यालं न्हाई, वैनी,” तो म्हणाला. “ते टायर गुळगुळीत झालं हुतं. म्या त्येच्यावर खोटी नक्षी कापून घितली. डिपॉझिटसाठी.”

वर्षाराणीचं रडणं थांबलं. ती फुटलेल्या टायरकडं बघत राहिली. ठकुबाईनं पदर कपाळावरून काढला.

“काल चौकात तू हुतास ना रं?”

“व्हय, मावशी.”

“मग काल का न्हाई बोललास?”

चार माणसांसमोर लाज वाटली, हे खरं होतं. पण कपाळावर टेंगूळ आलेल्या बाईला ते कसं सांगायचं?

त्यानं स्टेपनी लावली, पण बाकीच्या तीन टायरांवर गाडी हाकू दिली नाही. मोटारसायकलवर सोडतो म्हणाला, तर ठकुबाईनं मान फिरवली. दोघी हिर्डोशीकडं जाणाऱ्या एका पिकअपला हात करून गेल्या. माउली तिथंच गाडीजवळ बसून राहिला. दुपारी भोरहून तीन टायर मागवून त्यानं स्वतःच्या पैशानं बसवले.

दोन दिवसांनी तो वर्षाराणीबरोबर कंपनीत गेला. तिनं बोलावलं नव्हतं, पण नकोही म्हणाली नाही. नूतन मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. आवाज चढवला नाही, तेच त्याला जास्त लागलं. “त्या दिवशी मी तुमचं नाव घेऊन दुसऱ्या ड्रायव्हरांना सांगत होते,” एवढंच त्या म्हणाल्या. पुढच्या गाडीसाठीचं त्याचं नाव कटलं.

वडिलांना त्यानं स्वतःच सांगितलं. हैबतींनी हातातली पेंडीची पाटी खाली ठेवली. मग म्हणाले, “गावाला म्या सांगनार न्हाई. पर कुनी इचारलं तर खोटंबी बोलनार न्हाई.”

आता माउली दुसऱ्याच्या पिकअपवर दूध वाहतो. गावात हळूहळू सगळ्यांना कळलं. चहाच्या टपरीवर तो थांबत नाही.

मागल्या महिन्यात ठकुबाई हिर्डोशीला लेकीच्या पोरीला भेटून परत येत होती. एसटी चुकलेली, रस्त्याला दुसरं काही नव्हतं. माउलीनं पिकअप थांबवली.

“मावशी, चला. सोडतो.”

ती जागची हलली नाही. “टायर कसं हायेत?” टोमणा नव्हता त्यात, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

माउली खाली उतरला. “बगा.”

ठकुबाई वाकली. चारही चाकांभोवती फिरून तिनं एकेका टायरच्या खाचेत बोट घालून बघितलं. मागून आलेला मोटारसायकलवाला थांबून बघायला लागला. माउली खाली मान घालून उभा राहिला, तिचं बघून होईपर्यंत. मग ती पुढच्या सीटवर चढून बसली.