दर बावीस इंचांवर नोलीन

नोलीनच्या कबरीवरची माती अजून खाली बसली नव्हती, आणि पाईकने तिचं नाव पुसून टाकलं.

सकाळची मीटिंग होती. कॅम्पच्या मेसमध्ये सगळे कॉफीचे मग घेऊन उभे. पाईक म्हणजे इथला मुख्य जिओलॉजिस्ट, म्हणजेच साहेब. तो म्हणाला, "आजपासून या जागेला नोलीन म्हणायचं नाही. झेनिथ म्हणायचं. पर्थहून पैसेवाले येतायत बघायला. नोलीन म्हटलं की कँटीनमधली बाई डोळ्यांपुढे येते."

मर्व्ह टली मागे दाराशी उभा होता. नोलीनचा नवरा. सगळा जन्म ड्रिल चालवण्यात गेलेला माणूस. तो हळूच म्हणाला, "कँटीनमधलीच बाई होती ती."

दोघं-तिघं हसले. त्यांना वाटलं, मर्व्ह गंमत करतोय. पाईकही हसला.

शेडमध्ये काम करणारी टेगन रस्क हसली नाही. ती पाईकच्या दातांकडे बघत राहिली. चांगले दात होते, पर्थच्या डॉक्टरकडून करून घेतलेले. याचं उट्टं काढायचं, एवढंच तिच्या डोक्यात बसलं. कसं, ते माहीत नव्हतं.

मेन्झीज गावाच्या पुढे, लाल मातीत, जिथे काही म्हणजे काही नाही, तिथे हा कॅम्प. या जागेला नोलीन नाव पडलं ते ऑफिसात बसून नाही. नोलीन कॅम्पची स्वयंपाकीण. खरकट्या पाण्याचा खड्डा किचनच्या अगदी जवळ होता, माश्यांनी तिचा जीव नको केला होता. तिने मर्व्हला सांगितलं, खड्डा पलीकडे खण, नाहीतर उद्यापासून उकडलेले बटाटे खा. मर्व्हने पलीकडे खणला, आणि फावड्याला पांढरी गारगोटी लागली. तिच्यात सोन्याचा कण. मग ड्रिलचं यंत्र, म्हणजे रिग आली, बोअर मारले, माणसं वाढली. ड्रिलवाले रेडिओवर म्हणायला लागले, "नोलीनवर आहे," "नोलीनवरून निघालो." असंच पडतं इथे नाव. कुणाच्या कुत्र्याचं पडतं, कुणाच्या बायकोचं पडतं. ते पुसत नाहीत.

टेगन इथे आली तेव्हा शाळा सोडलेली होती. सोडलेली म्हणजे, मास्तरच्या गाडीच्या टायरमधली हवा सोडली आणि परत गेलीच नाही. आई नव्या माणसाबरोबर ब्रूमला निघून गेली होती. मर्व्ह तिला बापाच्या वेळेपासून ओळखायचा. त्याने तिला ट्रकमध्ये घातलं आणि मेससमोर उतरवलं. नोलीनने तिच्याकडे एकदा बघितलं, पुढ्यात मटणाचे कटलेट आणि ग्रेव्ही ठेवली, आणि म्हणाली, "आधी खा. रडायचं असेल तर नंतर रड, भांडी घासताना. पाण्यात कळत नाही."

टेगन रडली नाही, पण भांडी घासली. मग शेडमध्ये लागली. बोअरमधून खडकाचे लांब दांडे निघतात, ते ट्रेमध्ये लावायचे, धुवायचे, फोटो काढायचे. शेडमध्ये एक कॉम्प्युटर होता, त्याला कुणी हात लावायचं नाही. टेगनने लावला. तिला शांत बसवतच नाही, हात कशात तरी हवेच. हळूहळू बोअरचे रिपोर्ट तीच बनवायला लागली. किती मीटरवर कुठला खडक, त्याचा उभा रंगीत पट्टा. वर जमीन, खाली पाताळ.

तर पैसेवाले यायचे ठरले आणि पाईक शेडमध्ये आला.

"टेगन, सगळ्यात खोल बोअरचा पट्टा पाहिजे. अख्खा. एका मीटरला एक सेंटीमीटर. शेडच्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत, एकसंध."

"एकसंध नाही होणार," टेगन म्हणाली. "हे सॉफ्टवेअर एक चौकट बावीस इंचांच्या पुढे ताणू देत नाही. पुढे ओढलं की ढिम्म हलत नाही."

"मग छोटं कर."

"छोटं केलं तर अक्षरं मुंगीच्या पायासारखी दिसतात. केलंय मी."

"तुकडे चिकटव."

"तेही केलं. ते बघ."

टेबलावर कागद चिकटपट्टीने जोडून ठेवले होते. पाईकने ते बोटाच्या टोकाने उचलले, जणू कुणी त्यात नाक शिंकरलंय. "हे शाळेतल्या पोरांचं वाटतं. अरे हो, तुला कुठे ठाऊक असणार."

टेगनने ते वेगळ्या खात्यात टाकलं.

दुसऱ्या दिवशी तिने डोकं चालवलं. एक मोठी चौकट होत नाही ना, मग लहान लहान करायच्या. बोअरचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याची चौकट बावीस इंचांच्या आत बसवायची. प्रत्येक तुकडा म्हणजे एक स्वतंत्र छोटा रिपोर्ट, आणि ते सगळे एका मोठ्या रिपोर्टच्या पोटात एकाखाली एक लावायचे. सॉफ्टवेअरला वाटतं, आपण लहान कामं करतोय. वरखालचा समास शून्य करायचा आणि रोलच्या मोठ्या प्रिंटरला सांगायचं, कापू नकोस, थांबू नकोस. कागद सरसरत बाहेर आला आणि शेडच्या फरशीवरून दारापर्यंत गेला.

एकच भानगड राहिली. दोन तुकड्यांच्या मध्ये बोटभर पांढरी फट. काहीही करा, जात नाही. सात ठिकाणी खडक तुटल्यासारखा दिसत होता.

पाईक आला, पट्ट्यावर वाकला. "हे पांढरं काय?"

"जोड आहेत. तेवढी जागा ते सोडतंच."

"वाईट दिसतं. रिकामं ठेवू नकोस, काहीतरी घाल त्यात."

"काय घालू?"

"काहीही घाल, टेगन. रेघा घाल, काय वाटेल ते घाल. मला प्रत्येक गोष्ट विचारू नकोस."

"काय वाटेल ते?"

"हो," तो म्हणाला आणि विमानाच्या वेळा बघायला गेला.

टेगन त्या सात फटींकडे बघत बसली. मग तिला इतकं बरं वाटलं की तिने खुर्ची स्वतःभोवती गोल फिरवली.

संध्याकाळी ती मर्व्हच्या कॅरव्हॅनपाशी गेली आणि त्याला सगळं सांगितलं. नोलीनची खुर्ची बाहेर तशीच होती. तिच्यात कुणी बसत नव्हतं. मर्व्ह डब्यातले बीन्स गार गारच खात होता.

"नोकरी जाईल तुझी," तो म्हणाला.

"जाऊ दे."

"आणि नोलीनला काय मिळणार त्यातनं?"

"तिला काही नकोय. मला हवंय. सगळ्यांसमोर त्याच्या तोंडाला फेस आला पाहिजे."

मर्व्हने चमचा डब्यात फिरवला. "ती म्हणाली असती, पोरी, मूर्ख आहेस."

"म्हणाली असती. आणि मग विचारलं असतं, अक्षरं मोठी आहेत ना?"

मर्व्ह हसला नाही, पण डबा खाली ठेवला. "आहेत का?"

"फटीत बसतील एवढी."

पाहुणे यायच्या दिवशी विमानाकडे जायच्या आधी पाईकने स्क्रीनवर नजर टाकली, ती वरच्या चौकटीवर. स्क्रीनवर एका वेळी एकच चौकट दिसते. पहिली चौकट छान होती. त्याने अंगठा दाखवला आणि तो पाहुण्यांना आणायला गेला. पट्टा नव्याने छापून टांगला तो त्याच्या पाठीमागे.

पाहुणे आले. स्वच्छ बूट, नव्या कोऱ्या टोप्या, माश्या हाकलायला दोन्ही हात. त्यांच्यात मिसेस ओल्सेन नावाची एक म्हातारी होती, काठी घेऊन. सगळे तिच्या मागून चालत होते, म्हणजे सगळ्यात जास्त पैसा तिचा असणार. पट्टा भिंतीवर छपरापासून फरशीपर्यंत टांगलेला. टेगन ट्रे पुसायचं नाटक करत कोपऱ्यात उभी. मर्व्ह दारात.

पाईक वरच्या टोकाकडे हात करून बोलत होता. माती, मग हिरवा खडक, मग गारगोटी. बोलता बोलता नजर खाली आली आणि त्याचं वाक्य तिथेच थांबलं. पहिल्या जोडात ठळक काळ्या अक्षरांत लिहिलं होतं, नोलीन. त्याखाली दुसऱ्या जोडात, नोलीन. तिसऱ्यात, नोलीन. फरशीपर्यंत.

त्याची मान लाल झाली. टेगनने फडकं हातात गच्च धरलं. आता ओरड, तिला वाटत होतं. फाड तो कागद सगळ्यांसमोर. मग मी सांगते ती कोण होती.

पण म्हातारी आधी बोलली. काठीने कागदावर टकटक केलं. "हे नोलीन म्हणजे काय हो?"

पाईकने एकदा दारातल्या मर्व्हकडे बघितलं, एकदा म्हातारीकडे. आता जिओलॉजिस्टला पट्ट्यावर न कळणारा शब्द दिसला तर तो काय म्हणणार? तो एकच गोष्ट म्हणतो.

"तो थर आहे," पाईक म्हणाला. "खुणेचा थर."

"सात वेळा तोच थर?"

"खडकाला घड्या पडल्यात ना," पाईक म्हणाला. आता त्याची गाडी उतारावर होती. "म्हणून तो परत परत वर येतो. काळा शेल आहे, पापुद्र्यांचा खडक. आम्ही त्याच्यावरूनच दिशा धरतो."

"अस्सं. नोलीन." म्हातारीने नाव तोंडात घोळवलं. "छान आहे. माणसाच्या नावाचे थर लक्षात राहतात." तिच्याबरोबरच्या पोरसवदा माणसाने ते टॅबलेटवर टिपून घेतलं.

टेगनला क्षणभर काहीच कळेना. तिने माणसाला खड्ड्यात ढकलायची तयारी केली होती, आणि हा स्वतःच फावडं घेऊन आत उतरला होता.

पाहुणे गेल्यावर पाईक तिच्यासमोर येऊन उभा राहिला. "तुला आत्ता गाडीत घालून हाकलायला पाहिजे."

"हाकल," टेगन म्हणाली. "पण पर्थला काय सांगणार? का हाकललं? मी सांगू त्यांना, की हा थर मी प्रिंटरमध्ये शोधला?"

पाईकने तिला कॉम्प्युटरवरून उठवलं आणि खडक कापायच्या करवतीवर पाठवलं. उन्हात, चिखलात, अंगभर पाणी उडतं तिथे. ती शिट्टी वाजवत गेली.

मग पर्थहून विचारणा यायला लागली. नोलीन पुढच्या बोअरमध्ये लागला का? नोलीनची जाडी किती? तो काळा शेल खरंच होता तिथे, आजवर त्याला नुसता नंबर होता. पाईकला तो नंबर खोडावा लागला. नकाशावर, अहवालात, सगळीकडे त्याने स्वतःच्या हाताने नोलीन लिहिलं. जागेचं नाव झेनिथच राहिलं, पण पर्थवाले झेनिथबद्दल विचारतच नसत.

मर्व्हला ऑफिसात काही काम नसायचं. तरी तो रोज दुपारी चहाच्या वेळी तिथे जायचा, दारात टेकायचा. करवत खिडकीबाहेरच होती. टेगनला सगळं ऐकू यायचं.

"काय लागलं आज?" मर्व्ह विचारायचा.

"काळा शेल."

"त्याला नाव आहे ना काहीतरी?"

पाईक कागद चाळायचा. "नोलीन."

"काय म्हणालास? आयुष्यभर रिगवर काम केलंय, कान गेलेत रे माझे."

"नोलीन, मर्व्ह. नोलीन."

मर्व्हचे कान चांगले ठणठणीत होते. "अजून एकदा सांग," तो म्हणायचा, आणि टेगन करवतीचं बटण बंद करायची, म्हणजे पात्याचा आवाज मध्ये येणार नाही.