संकल्पाच्या अर्जाला कुलूप

देवळातल्या गोष्टी निर्माल्यासारख्या असतात. रोज काढल्या तरी रोज साचतात. मुरुडच्या आमच्या महादेवाच्या देवळाने अभिषेकाचा अर्ज संगणकावर आणल्यापासून तर, सचिव या नात्याने, माझी टोपली रिकामी म्हणून होत नाही.

प्रथम अर्जाला कुलूप नव्हते. मोबाइल क्रमांक टाकला की ज्याचा त्याचा संकल्प दिसे. आणि गावात सर्वांचे क्रमांक सर्वांना पाठ! गंगाधरअप्पा हे माझे भजनातले जुने सोबती. मूळव्याध बरी व्हावी, हा त्यांचा संकल्प दुपारपर्यंत हॉटेलात पोचला.

"अप्पा, बसायला उशी देऊ का?"

अप्पा चहा टाकून उठले. मला म्हणाले, "सचिव, याला कुलूप लावा. देवाला अजून एक सांगायचंय. ते लोकांनी वाचलं तर मी गावात राहत न्हाई."

*

हा अर्ज बनवणाऱ्या लातूरच्या मनीषाताईंनी त्यात पासवर्डचा रकाना घातला. अप्पांनी अक्षरे दाबली. उमटले नुसते ठिपके.

"मी शिवाचं नाव लिहिलं, हे खायलंय की!"

"नाव आत आहे अप्पा, फक्त दिसत नाही."

"मग देवावानीच हाय," अप्पा म्हणाले.

*

आठवड्याने मनीषाताईंचा फोन. "काका, अजूनही कुणीही कुणाचा अर्ज उघडतंय. सगळ्यांनी एकच पासवर्ड ठेवलाय का?"

चौकशी केली. सर्वांनी पंचाक्षरी मंत्र ठेवला होता. "देवाच्या दारात दुसरं काय लिहावं?"

भजनात जन्मभर एकच नाम धरा म्हणून सांगत आलो. आता कोणत्या तोंडाने निरनिराळे धरा म्हणू?

*

तरी सांगितले. पुढच्या सोमवारी पाहतो तो देवळाच्या भिंतीवर, खडूने, प्रत्येकाच्या नावापुढे त्याचा नवा पासवर्ड. शांताबाई समाधानाने म्हणाल्या, "इसरायला नको."

ओल्या फडक्याने भिंत मी स्वतः पुसली आणि सर्वांना पुन्हा नवे शब्द घ्यायला लावले.

*

मग मी अप्पांना शब्द दिला, "आता देवावाचून कुणी वाचणार नाही." त्यांनी एका बोटाने, डोळे पुसत, अर्ज भरला.

सोमवारी देऊळ भरलेले. अभिषेक करणाऱ्या स्वामींकडे संकल्पांची यादी आपोआप जाते, आणि संकल्प उच्चारल्यावाचून अभिषेक नाही, ही आमची पूर्वापार रीत; कुलपाच्या नादात ती मी विसरलोच होतो. स्वामींनी माईक जवळ ओढला.

"गंगाधरअप्पांचा संकल्प. धाकट्या मुलाला मी चारचौघांत मारले. चूक माझी होती. त्याने एकदा तरी फोन करावा."

पिंडीवर पडणाऱ्या पाण्याचा तेवढा आवाज राहिला. अप्पांनी हात जोडलेलेच होते.

मागच्या रांगेतून एक म्हातारी म्हणाली, "स्वामी, नीट ऐकू आलं न्हाई. परत वाचा."

स्वामींनी परत वाचले.