वरल्या फळीवरचं जिरं

आयफोन आणि अँड्रॉइडमधला फरक मला कडोदऱ्याहून सुरतेला येताना बसमधल्या एका बाईंनी सांगितला. एक व्यापारी त्यांना साडीच्या डिझाइनसाठी फोनवर फोन करत होता. डिझाइन त्यांच्या दोन्ही फोनांत होती. लेकाने दिलेल्या आयफोनमध्ये शोधून त्या दमल्या. मग जुना अँड्रॉइड काढून ‘पोपटी काठ’ हे फोल्डर उघडलं आणि लगेच डिझाइन पाठवली.

"हे माझं स्वयंपाकघर," जुना फोन थोपटत त्या मला म्हणाल्या. "हवं ते हवं तिथं ठेवते. नवा म्हणजे सासूबाईंचं. सगळं चकाचक, पण जिरं कुठंय ते त्यांनाच विचारायचं."

मी हसलो. त्यांच्या शेजारी पेंगणारी म्हातारी डोळे न उघडताच अहिराणीत म्हणाली, "जिरं वरल्या फळीवर शे. किती वेळा सांगू तुले?"