चाळीस टक्क्यांच्या अलीकडे

मेहरूणमध्ये पारसभाऊंच्या कापडदुकानाच्या ओट्यावर बसून ते आणि मी दर बुधवारी गरीब घरच्या दिव्यांग मुलांच्या अनुदानाचे अर्ज भरून देतो. कागद साहेबांकडे जातात, किस्से आमच्याकडे राहतात. आता इतके साठलेत की कुणी चहाला भेटलं तरी एखादा सांडतोच.

सावद्याच्या एक ताई आल्या, केळीच्या बागेत मजुरीला जाणाऱ्या. मुलाला ऐकू येत नाही. मी विचारलं, "वर्षाचं उत्पन्न किती?"

"केळीचं का आमचं?"

"तुमचं."

"मग काही नाही लिहा."

पारसभाऊ म्हणाले, "ताई, शून्य लिहिलं की फॉर्म परत येतो. विचारतात, मग जगता कशावर?"

ताईंनी जरा विचार केला. "ते तर आम्हालाही कळत नाही."

दुसऱ्या एकीचा जन्म वीटभट्ट्यांवर गेलेला, रहिवासाचा पुरावाच नाही. पारसभाऊ तिच्यासाठी तीनदा कचेरीत गेले. तिसऱ्यांदा खिडकीवर म्हणाले, "साहेब, माझे आजोबा राजस्थानातून आले. मला कधी कुणी पुरावा मागितला नाही. ही तर इथेच जन्मली."

साहेबांनी चष्मा पुसला आणि जुनी मतदारयादी काढायला सांगितली. त्यात तिच्या वडिलांचं नाव सापडलं.

भडगावची एक आई लेकीचा दाखला घेऊन आली. अडतीस टक्के अपंगत्व. नियमाला चाळीस लागतात, असं मी समजावलं.

"म्हणजे पोर दोन टक्के बरी शे. आते मी हासू का रडू?"

भाऊंनी चहा मागवला, मी फेरतपासणीचा अर्ज लिहायला घेतला.

आणि पारोळ्याचे नाना. सात वर्षांच्या नातीला त्यांच्याशिवाय कुणी नाही, घर तिच्या अनुदानावर चालतं. दाखला तात्पुरता होता, म्हणून पुन्हा तपासणी. मी सोबत गेलो होतो. नानांनी तिला उचलून आणलं आणि बाकावर बसवलं.

डॉक्टरांनी विचारलं, "चालते का?"

"नाही, साहेब," नाना म्हणाले. खरंच कधी चालली नव्हती.

पोरगी बाक धरून उठली. मग बाक सोडला आणि टेबलापर्यंत चार पावलं टाकली.

मी नानांचा हात घट्ट दाबला. डॉक्टर मान खाली घालून लिहीतच राहिले, जणू काही पाहिलंच नाही.

नानांनी माझा हात सोडवला. टेबलाशी जाऊन म्हणाले, "साहेब, लिखी ल्या. पोर चार पावलं चालनी."