बाणातला ण

जपानातल्या इचिकावात माझ्याइतकं शुद्ध मराठी कोन बोलत नाय. मराठी मानसं समोर आली की मी तोंडच उघडत नाय, मग चुकनार कुठून.

स्टेशनजवळच्या इंडियन हॉटेलात मी आचारी. शाळा चौथीपर्यंत, ती पन मास्तरला माझा कंटाळा आला म्हनून संपली. गिऱ्हाईक म्हनजे पुन्या-मुंबईची कॉम्प्युटरवाली. त्यातले एक परांजपे-सान. त्यांच्या हापिसात सगळ्यांना मानाचं सान लावतात. मला ते 'ए' लावतात.

त्या रविवारी दुपारी चार कुटुंबं जमली. मेच्या सुट्टीत सगळे स्पेनला, सेविया नावाच्या शहरात निघालेले. परांजपे-सान तिथं आधी जाऊन आलेले, म्हनून शिकवनी त्यांची. पुऱ्या माझ्या.

"दुपारी दुकानं बंद असतात, कुरकुर करायची नाही. रात्री नऊच्या आधी जेवण मागायचं नाही. दुकानात शिरलं की आधी 'ओला' म्हणायचं, म्हणजे नमस्कार. चर्चमध्ये खांदे झाकून जायचं. आणि वेटरला चुटकी वाजवून बोलवायचं नाही, तो अपमान समजतात."

मग चुटकी वाजली. "ए, पाणी आण."

मी पान्याचा जग घेऊन पळत गेलो. हे काय स्पेन थोडंच हाय.

ग्लास भरत होतो, वर शिकवनी चालूच. "तिथले लोक शब्दाचा शेवटचा 'स' खातात. 'ग्रासियास' म्हणजे धन्यवाद, त्याचं 'ग्रासिया' करतात. त्यांची चूक काढायची नाही हं. तो त्या मातीचा गोडवा आहे."

सगळ्यांनी माना डोलवल्या. एका बाईंनी 'ग्रासिया, ग्रासिया' करून बघितलं. मला पन गोड वाटलं. त्या नादात तोंड उघडलं.

"आनखी पानी देऊ का?"

"पानी नाही रे. पाणी. बाणातला ण. म्हण बघू."

"पाणी."

टाळ्या पडल्या. चाळिशी उलटलेला मानूस, हातात जग, आनि टाळ्या बालवाडीतल्या. मी फुगलो. वाटलं, एवढं शुद्ध झालोच हाय तर आनखी थोडं होऊ. म्हनलो, "जेवण छाण झालंय ना?"

सगळं टेबल हसून आडवं झालं. परांजपे-सान डोळे पुसत म्हनाले, "छाण! त्यापेक्षा सरळ शेण म्हण की."

मी पन हसलो. सगळ्यांत मोठ्यानं मीच. आपनच आपल्याला आधी हसून घ्यायचं, म्हनजे दुसऱ्याचं लागत नाय. ही माझी अक्कल. लागायचं तेवढं लागतंच.

"थांब, व्हिडिओ काढतो. परत म्हण, छाण."

मोबाईल तोंडासमोर आला. माझे दात अजून बाहेरच होते. माकड पन इतकं सोपं मिळत नाय.

तेव्हा डोक्यात घुसलं. तिकडच्यांनी आख्खा स गिळला तर तो गोडवा. मी तर काय गिळलं पन नाय. आईनं तोंडात दिलेला न तसाच ठेवला, तर माझं शेन.

जग टेबलावर ठेवला. "पानी," मी म्हनलो.

"अरे, छाण म्हण."

"पानी. जेवन. कोन. मी असंच बोलनार. काढा व्हिडिओ."

"चिडतोस काय? गंमत चाललीय."

"गंमत मला कळते साहेब. आजवर माझीच चाललीय. मला चुटकी वाजवू नका. ए म्हनू नका. जमत नसेल तर पानी आपल्या हातानं घ्या."

मोबाईल खाली गेला. ग्रासियावाल्या बाईंनी गुपचूप जग उचलला आनि सगळ्यांना पानी वाढलं. परांजपे-सान ताटात बघत म्हनाले, "डोक्यावर बसतात हे लोक."

हे लोक. ऐकलं मी. यापुढं पन ऐकावं लागेल. पन गप राहून नाय. ऑर्डर असो, फोन असो, समोर मालक असो, माझा न माझ्या तोंडात राहनार. ज्याला खुपतो त्यानं कानात बोटं घालावीत.

छाती काढून किचनमध्ये गेलो. तिथं तंदूरवर थापा असतो, नेपाळचा. त्याला मराठी येत नाय, म्हनून सगळा पराक्रम हिंदीत सांगितला. त्यानं नान तंदूरला चिकटवला आनि माझ्याकडं न बघताच म्हनला, "पूरा किचन पानी बोलता है. इतने साल मुँह तूने खुद बंद रखा. डरपोक कहीं का."